सातबाऱ्यावर आपलं नाव : लेकीचा, बायकोचा आणि आईचा हिस्सा



गटात आल्यावर आपण पहिली गोष्ट शिकलो ती सही. अंगठा सोडून नाव लिहायला लागलो. बँकेच्या फॉर्मवर, ठरावाच्या वहीवर, कर्जाच्या रजिस्टरवर आपली सही दिसायला लागली. आता याच्या पुढचा धडा घ्यायची वेळ आली आहे. सही कुठे करायची हे जसं कळायला हवं, तसंच सही कुठे करायची नाही हेही कळायला हवं. बाईच्या आयुष्यातला सगळ्यात महाग कागद बहुतेक वेळा तिच्यासमोर घरात कुणी गेल्यानंतरच्या दिवसांत येतो. घर दुःखात असतं, डोळ्यांत पाणी असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "ताई, इथं जरा सही कर. तलाठ्याकडं द्यायचा आहे."

तो कागद कशाचा असतो, त्यात आपलं काय जातं, आणि आपलं राखायचं असेल तर काय करायचं, हा या पाठाचा विषय. पाठ एका बैठकीत संपणार नाही. दोन बैठका करा. वाचणाऱ्या सखीनं हळू वाचावं आणि प्रत्येक भागानंतर थांबून बायांना बोलू द्यावं.

नाव नसलं तर काय अडतं?

शेतात पेरणी, खुरपणी, वेचणी, काढणी कोण करतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांमध्ये बायांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के निघालं. शंभर खात्यांत चौदा. राबणारे हात एकाचे आणि कागदावरचं नाव दुसऱ्याचं, असा हा हिशेब आहे.

नाव नाही म्हणून काय बिघडतं? पीक कर्ज मागायला गेलं की बँक सातबारा आणि आठ-अ मागते. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीनधारकाच्या खात्यात येतात. गारपीट झाली, पूर आला, तर नुकसानभरपाईची यादी सातबाऱ्यावरून होते. रस्त्यासाठी नाहीतर धरणासाठी जमीन गेली, तर मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला येते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट घराची. नवरा गेल्यावर "तुझं इथं काय आहे?" असं विचारणारे दीर-भावजय कागद बघूनच विचारतात. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले. त्यांच्या मागं राहिलेल्या कितीतरी बायांना नवऱ्याच्या दुःखाबरोबर जमिनीसाठीही झगडावं लागलं. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवऱ्याचं नाव लागलेलंच नाही, मग हिचं कुठून लागणार? हे प्रत्येक तालुक्यात घडलं आहे. तुमच्या गावात घडलं असेल तर ते बैठकीत सांगा. नावं घेऊ नका, पण सांगा.

कायदा इथपर्यंत कसा आला?

थोडा इतिहास माहीत असलेला बरा. कुणी "आपल्यात बायांना वाटा नसतो, रीतच नाही" म्हटलं, तर उत्तर देता येतं.

१९३७ च्या आधी विधवेला बहुतेक ठिकाणी अन्नवस्त्रापुरताच आधार होता. १९३७ च्या कायद्यानं तिला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो हयातीपुरता. ती विकू शकत नव्हती, कुणाला देऊ शकत नव्हती. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. लेकीला आणि पत्नीला मिळकतीत हक्क मिळावा, हा त्यातला मोठा भाग होता. बिलाला कडाडून विरोध झाला, ते अडकून पडलं, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं. पुढे त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले. त्यातला एक म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा.

१९५६ च्या कायद्यानं दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे सगळे बरोबरीचे वारस. दोन, बाईला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची. पुढे तिनं दुसरं लग्न केलं तरी ती मिळकत परत जात नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क होता, मुलीला नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ साली ही चूक दुरुस्त केली, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशासाठी दुरुस्ती आली. मुलगी मुलासारखीच जन्मानं हक्कदार. लग्न कधी झालं याला महत्त्व उरलं नाही. तरी कोर्टात वाद चालूच राहिला की २००५ साली बाप जिवंत असायला हवा का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हक्क जन्मानं येतो, बाप तेव्हा जिवंत असण्याची अट नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी झाली असेल किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते व्यवहार या दुरुस्तीनं मोडत नाहीत. पण "आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती" असं नुसतं म्हणून भागत नाही. त्याला सरकारी कागदाचा भक्कम पुरावा लागतो.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख बायांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन सख्यांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत. त्यांतही बाईला वाटा आहे, पण मोजणी वेगळी. आदिवासी सख्यांना हा कायदा थेट लागू होत नाही. त्यांनी "आमच्यात हक्कच नाही" असं मानून गप्प बसू नये. पुढे सांगितलेल्या मोफत वकिलाकडे आपली बाजू जरूर विचारावी.

हिस्सा किती? एक गणित

समजा, एका शेतकऱ्यानं स्वतःच्या कमाईनं ६ एकर जमीन घेतली होती. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे त्याची आई आहे, बायको आहे, दोन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली आहेत. वारस किती? आई एक, बायको एक, मुलगे दोन, मुली दोन. एकूण सहा. प्रत्येकाला एक एकर. मुलीचं लग्न झालं, हुंडा दिला, सोनं घातलं, म्हणून तिचा एकर कमी होत नाही. आई म्हातारी आहे म्हणून तिचाही कमी होत नाही.

आता समजा, त्यातला एक मुलगा बापाच्या आधीच वारला होता. त्याची बायको आणि दोन लेकरं आहेत. मग त्या मुलाचा एक एकर त्या तिघांना मिळून मिळतो. म्हणजे विधवा सून आणि तिची मुलं सासऱ्याच्या जमिनीत वारस आहेत. "नवऱ्याचं नाव लागलंच नव्हतं, आता तुझं कसलं?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

वडिलोपार्जित जमिनीची मोजणी थोडी लांबलचक असते, ती वकिलाकडून करून घ्या. पण मूळ सूत्र एकच. जिथं मुलाला जितकं, तिथं मुलीला तितकं.

दोन गोष्टींत गफलत होते, त्या सांगते. नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायको आपोआप मालक होत नाही. ती त्याच्या पश्चात वारस होते. आणि वडील आपल्या स्वकष्टाच्या जमिनीचं, किंवा वडिलोपार्जित जमिनीतल्या स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात. मृत्युपत्र आहे असं कुणी म्हटलं तर "दाखवा" म्हणा, नक्कल मागा, आणि वाचून घेतल्याशिवाय मान्य करू नका.

तीन पायऱ्या वेगळ्या आहेत

आपल्या बाया घाबरतात ते इथं. त्यांना वाटतं नाव लावायचं म्हणजे भावाच्या शेतात धुरा पाडायचा. तसं नाही. तीन पायऱ्या आहेत.

पहिली, वारस नोंद. म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं. जमीन जिथं आहे तिथंच राहते, कसणारा कसत राहतो.

दुसरी, वाटप. म्हणजे कुणाचा कोणता तुकडा ते ठरवणं. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे कलम ८५ खाली अर्ज करता येतो. राजी नसतील तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो.

तिसरी, ताबा. म्हणजे आपला तुकडा आपण कसणं, खंडानं देणं, किंवा आणखी काही.

पहिल्या पायरीवर उभं राहिलं म्हणून दुसरी चढलीच पाहिजे असं नाही. कितीतरी बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि भाऊ सुखानं कसतो आहे. पण पहिली पायरीच सोडली, तर पुढच्या दोन्ही दूर जातात.

वारस नोंद करायची कशी?

खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, वर्षांनीही नोंद होते. पण वेळेत केलेलं बरं.

काय लागतं? मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता लिहिलेला अर्ज, त्यासोबत प्रतिज्ञापत्र, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. अर्ज कोणताही एक वारस देऊ शकतो. मोठ्या भावानंच द्यायचा असा नियम नाही. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. हातानं दिलात तर तारखेची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

पुढे काय होतं? आधी वारसांची खात्री होऊन वारस नोंदवहीत नावं येतात. मग फेरफार नोंदवहीत नोंद होते. त्याची नोटीस चावडीवर लागते आणि संबंधितांना पाठवली जाते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि नावं सातबाऱ्यावर चढतात. हरकत आली तर सुनावणी होते.

हे १५ दिवस फार मोलाचे. तुमचं नाव गाळून कुणी नोंद टाकली असेल, तर याच दिवसांत लेखी हरकत द्या. "मी मयताची मुलगी आहे, माझं नाव वारसांत धरलेलं नाही, माझी हरकत आहे" इतकं साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं. मुदत टळली आणि नोंद मंजूर झाली, तर ६० दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्यालाही उशीर झाला तर उशिराचं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज जोडता येतो.

२०२५ साली शासनानं "जिवंत सातबारा" मोहीम घेतली. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावणं हा तिचा हेतू. तुमच्या माहेरच्या किंवा सासरच्या जमिनीवर अशी नोंद झाली असेल, तर एकदा उतारा काढून बघा. वारस म्हणून कुणाकुणाची नावं गेली? डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. एका चहापाण्याच्या खर्चात आपला हक्क तपासून होतो.

उतारा वाचताना काय बघायचं?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये पीक काय ते.

नमुना ७ वर आपलं नाव शोधताना जागा बघा. भोगवटादाराच्या म्हणजे खातेदाराच्या रकान्यात नाव आहे, की "इतर अधिकार" या रकान्यात? पूर्वी खूप ठिकाणी थोरल्या भावाचं नाव "एकत्र कुटुंब मॅनेजर" म्हणून वर लागायचं आणि आई-बहिणींची नावं खाली इतर अधिकारात ढकलली जायची. असं असेल तर ते खातेदाराच्या रकान्यात आणण्यासाठी अर्ज करा. कर्ज, योजना, मोबदला हे सगळं वरच्या रकान्यावर चालतं.

लेकरं लहान असतील तर त्यांच्या नावापुढं "अ.पा.क." असं लिहून पालन करणाऱ्याचं नाव असतं. बाप नसल्यावर आई हीच नैसर्गिक पालक. तिथं चुलत्याचं नाव लावू देऊ नका. आणि अज्ञान लेकराच्या मालकीची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. नाव का आलं, का गेलं हे त्या फेरफारात लिहिलेलं असतं. आपलं नाव गेलेलं दिसलं तर त्या फेरफाराची नक्कल काढायची. भांडण करायच्या आधी कागद हातात हवा.

हक्कसोड पत्र : सही करण्याआधी

आता पहिल्या ओळीतल्या त्या कागदाकडे येऊ. हक्कसोड पत्र म्हणजे "माझा वाटा मी अमक्याच्या लाभात सोडते" असा दस्त. बाईनं समजून उमजून, स्वतःच्या मर्जीनं सोडला तर तो तिचा अधिकार आहे. कायदा अडवत नाही. प्रश्न मर्जीचा आहे. दहाव्याला, तेराव्याला, राखीला आल्यावर घाईघाईत घेतलेली सही मर्जीची म्हणायची का?

चार गोष्टी पाठ करा.

१. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. साध्या कागदावरचं, शंभराच्या बाँडवरचं, किंवा तलाठ्यासमोरचा नुसता जबाब यांनी जमिनीतला हक्क सुटत नाही. अशी सही तुम्ही आधी केली असेल तर सगळं संपलं असं समजू नका, वकिलाला तो कागद दाखवा.

२. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र मात्र सहजी मागं घेता येत नाही. फसवून किंवा धाकानं सही घेतली असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

३. निबंधकासमोर "कागद वाचला का, मान्य आहे का" असं विचारतात. तिथं "नाही, मला वाचून दाखवा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. "नाही, मला सही करायची नाही" म्हणायचाही आहे.

४. मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, संमतीपत्र, कोरा कागद, कोरा बाँड या सगळ्यांना हाच नियम. कागद घरी आणायचा, गटात वाचायचा, चार दिवस जाऊ द्यायचे, मग ठरवायचं. "आजच पाहिजे" असं जो म्हणतो त्याच्या घाईचं कारण आधी शोधायचं.

"पण माहेर तुटेल की"

सख्यांनो, कायदा सांगणं सोपं आहे. खरा अडसर इथं आहे. वाटा मागितला की भाऊ बोलणार नाही, दिवाळीला बोलावणं येणार नाही, आई-बापामागं माहेरचा उंबरा बंद होईल, ही भीती खोटी नाही. साडीचोळी आणि भाऊबीज यांच्या बदल्यात एकर-दीड एकर सोडून दिलेल्या बाया आपल्या प्रत्येक गटात आहेत. त्यांना वेडं म्हणायचं काम आपलं नाही. त्यांनी नात्याची किंमत मोजली.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं, जी विधवा होऊन माहेरी परत आली, तिचं माहेरात काय होतं? नाव असलेली बाई आपल्या वाट्याच्या घरात येते. नाव नसलेली भावाच्या दारात येते, आणि भावजयीच्या शब्दावर तिचं राहणं ठरतं. ज्या माहेरासाठी वाटा सोडला ते माहेर गरजेच्या दिवशी उरलंच असेल, याची हमी कुणी देत नाही.

मधला रस्ताही आहे. भावाला सांगता येतं, "नाव राहू दे. कसणारा तूच आहेस, कसत राहा. मी वाटप मागत नाही." ज्याच्या मनात खोट नाही त्याचं यात काही जात नाही. हे बोलणं आई-वडील जिवंत असताना झालं तर सगळ्यात चांगलं, कारण तेव्हा कुणाच्या अंगावर दुःख नसतं आणि बापाचा शब्द सगळे ऐकतात.

आणखी एक बोलते. आपण माहेरी बहीण असतो, तशा सासरी भावजयही असतो. नणंद आली आणि तिनं नाव मागितलं, तर आपण कुठं उभ्या राहतो? आपल्या लेकीचं नाव वारसांत घालायला आपण नवऱ्याला सांगतो का? हक्क माहेरात मागायचा आणि सासरी नाकारायचा, असं दोन्हीकडून चालणार नाही. हा प्रश्न बैठकीत मोकळेपणानं घ्या. थोडी चिडचिड होईल, होऊ द्या.

नवरा जिवंत असताना

सगळं कुणी गेल्यावरच करायचं असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये शासनानंही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं राजीखुशीनं अर्ज केला की सातबाऱ्यावर त्याच्या जोडीला बायकोचं नाव लावता येतं. तलाठी कार्यालयात याच नावानं विचारा.

घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याची सोय आहे. ग्रामसभेत हा विषय घेऊन सगळ्या गावाची घरं एकदम दोघांच्या नावावर करता येतात. ग्रामसंघानं मनावर घेतलं तर एका गावाचं काम एका हंगामात होतं.

वकील लागला तर पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न ऐकून बहुतेक बाया घरी बसतात. म्हणून नीट ऐका. बाईला वकील फुकट मिळतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळेल याची यादी आहे. त्यात महिला आहेत, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि मुलं यांनाही हा हक्क आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च त्यात येतो.

जायचं कुठं? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथं एक अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तिथली माणसं लिहून घेतात. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. वकील नीट लक्ष देत नसेल, पैसे मागत असेल, तर त्याच कार्यालयात तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

लोकअदालतीबद्दल एक सावधगिरी. तिथं प्रकरण लवकर मिटतं, कोर्ट फी परत मिळते, ही चांगली गोष्ट. पण तिथं झालेली तडजोड शेवटची असते, त्यावर अपील नाही. म्हणून "संपवून टाका आता" या दबावाखाली तिथं सही करू नका. मान्य नसेल तर नाही म्हणा, प्रकरण परत कोर्टात चालतं.

नवरा वारल्यावर किंवा तो असतानाही सासरचे घराबाहेर काढत असतील, तर जमिनीच्या दाव्याची वाट बघू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. त्यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा किंवा १८१ ला फोन करा.

बैठकीत नेहमी येणाऱ्या शंका

*नाव लावलं तर नवऱ्याचं कर्ज माझ्या अंगावर येईल का?* वारसाकडून कर्ज वसूल होतं ते वारशानं मिळालेल्या मिळकतीपुरतंच. तुमच्या स्वतःच्या मजुरीतून, गटाच्या बचतीतून नाही. तुम्ही स्वतः जामीन असाल किंवा कर्जावर तुमची सही असेल तर गोष्ट वेगळी.

*नवऱ्यानं टाकून दिलंय, पंधरा वर्षं माहेरी आहे. माझा हक्क गेला का?* कोर्टातून घटस्फोट झाला नसेल तर तुम्ही त्याची पत्नीच आहात. त्याच्या पश्चात वारस तुम्ही आणि तुमची मुलं.

*त्यानं दुसरी केली, तिचं काय?* पहिली हयात आणि घटस्फोट नाही, तर दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही, ती वारस होत नाही. पण तिच्या लेकरांचा दोष नाही. बापाच्या हिश्श्यात ती लेकरं वारस आहेत.

*सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणजे माझा हक्क नाही?* सातबारा ही महसुलाची नोंद आहे. उलट पुरावा येईपर्यंत ती खरी धरतात, पण मालकी तिनं ठरत नाही. नाव नसलं तरी वारसाहक्क असतो आणि कोर्टात सिद्ध करता येतो. नाव असलं तर ते सिद्ध करायची पायपीट वाचते.

गटानं करायचं काम

पाठ ऐकून घडी घालून ठेवायचा नाही. पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा.

प्रत्येक सखीनं दोन सातबारे काढायचे, एक सासरचा, एक माहेरचा. बैठकीत सगळे उतारे मांडून एकमेकींचे वाचायचे. कुणाचं नाव वरच्या रकान्यात, कुणाचं इतर अधिकारात, कुणाचं कुठंच नाही, असे तीन भाग वहीत लिहायचे. ज्या घरात खातेदार वारला आहे आणि वारस नोंद झालेली नाही, त्या घराचं काम आधी हाती घ्यायचं. तलाठी कार्यालयात एकटीनं जायचं नाही, तिघी मिळून जायचं आणि पोच घेऊन यायचं. ग्रामसंघानं तालुका विधी सेवा समितीला पत्र देऊन गावात कायद्याचं शिबिर मागायचं. आपल्यातल्या दोन लिहित्या-वाचत्या बायांना विधी स्वयंसेवक होता येईल का, तेही तिथं विचारायचं.

आणि एक ठराव घ्यावा असं सुचवते. "गटातल्या कुठल्याही सखीच्या घरी दुःख घडलं, तर तिच्या घरी जाऊन बसायचं, आणि गटाला दाखवल्याशिवाय तिनं कुठल्याही कागदावर सही करायची नाही." ठरावाच्या वहीत हे लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा. ही सही मात्र बिनधास्त करा.